सत्कार नेमका कशाबद्दल?

पत्र

मी तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजी लॅब चालवते. वय ३६. इथल्या एका सेवाभावी क्लबने मला आणि आणखी चौघांना सदस्य करून घ्यायचं ठरवलंय. आम्हा नव्या सदस्यांचं स्वागत आणि आमच्या ठाण्यातल्या पोलिसांचा सत्कार असा एकच कार्यक्रम आहे. 'नव्या दमाची माणसं, होऊ द्या जोरात' म्हणत आयोजन माझ्याच गळ्यात पडलं. वर 'औक्षण आणि स्वागतगीताचं ताई तुम्हीच बघा' हेही आलं.

अडचण अशी. मे महिन्यात माझ्या सासऱ्यांचा १८ हजारांचा मोबाईल एसटी स्टँडवर खिशातून गेला. ठाण्यात आम्हाला अडीच तास बसवून ठेवलं आणि 'चोरी कशाला लिहिता, गहाळ लिहा, दाखला लगेच मिळेल' म्हणत गहाळचा दाखला हातात दिला. सासरे ७१ वर्षांचे आहेत. त्यांना तो अपमान फार लागला.

आता दुसरी बाजू. जूनमध्ये शेजारचे काका, ज्यांना हल्ली काही आठवत नाही, रात्री घरातून निघून गेले. आम्ही ११२ वर फोन केला. त्याच ठाण्यातल्या एक हवालदारबाई आणि गाडीवरचा शिपाई पावसात पहाटे तीनपर्यंत शोधत होते. काका कॅनॉलच्या कडेला बसलेले सापडले. बाईंनी स्वतःचा रेनकोट त्यांच्या अंगावर घातला होता.

सत्काराच्या यादीत डीवायएसपी साहेब, पीआय साहेब आणि दोन पीएसआय आहेत. या बाई नाहीत. यादी केली ती एका माजी अध्यक्षांनी, ज्यांच्या प्लॉटच्या कुंपणाचा वाद त्याच ठाण्यात आहे. तारीख धरली आहे अनंत चतुर्दशीच्या आधीचा शनिवार. मी स्टेजवर उभी राहून टाळ्या वाजवू, की सदस्यत्वच नको म्हणू? आणि सासऱ्यांना काय सांगू?

— एक वाचक

उत्तर

तुमचा क्लब रोटरीचा, लायन्सचा की आणखी कुठला, हे तुम्ही लिहिलं नाहीत. बरंच केलंत. कुंपणवाले माजी अध्यक्ष सगळीकडे असतात.

आधी तारखेचं बोलू, कारण ती चुकली तर बाकी सगळं फुकट. अनंत चतुर्दशीच्या आधीचा शनिवार म्हणजे पोलिसांच्या रजा बंद, साप्ताहिक सुट्ट्या रद्द, मंडळांच्या बैठका, मिरवणुकीच्या रस्त्यांची पाहणी, रात्री बंदोबस्त. त्या दिवशी सत्काराला येणार कोण? ज्याला येणं परवडतं तो, म्हणजे साहेब. तोही अर्धा तास येईल आणि सतत फोन बघत बसेल. तारीखच अशी धरली की खालच्या माणसाचं नाव यादीतून आपोआप गळतं, कुणाला वेगळं गाळावंही लागत नाही.

मी वीसेक वर्षं अशा कार्यक्रमांची सूत्रसंचालनं केली आहेत. एक संध्याकाळ अजून डोक्यातून जात नाही. वाहतूक शाखेतल्या एका हवालदारांचा सत्कार होता, वेळ सहाची. ते गणवेश कडक इस्त्री करून, बायको आणि मुलीला घेऊन साडेपाचलाच येऊन बसले होते. प्रमुख पाहुणे आले पावणेनऊला. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, 'दोन शब्द' बोलणारे सात जण. हवालदारांना नऊ वाजता रात्रपाळीला हजर व्हायचं होतं. शेवटी मी अनुक्रम मोडून त्यांचं नाव पुकारलं, ते शाल घेऊन तसेच पळाले. त्यांनी नेमकं काय केलं होतं, हे त्या सभागृहात कुणालाच कळलं नाही. मलाही नाही. माझ्या हातातल्या चिठ्ठीवर 'उल्लेखनीय कामगिरी' एवढंच लिहिलेलं होतं.

तुमच्या प्रश्नाचं मूळ मला त्या चिठ्ठीत दिसतं. 'पोलिसांचा सत्कार' म्हटलं की तुम्हाला अडीच तासांचं ते बाकडं आठवणार, आणि ते साहजिक आहे. सबंध ठाण्याच्या नावाने टाळ्या वाजवायच्या म्हणजे गहाळचा दाखला देणाऱ्यालाही त्या मिळणार. पण 'जूनमधल्या अमुक रात्री पावसात पहाटे तीनपर्यंत शोधून एका वृद्ध माणसाला जिवंत घरी आणल्याबद्दल' असं सन्मानपत्रावर लिहिलं, तर टाळी कुठे पडली ते सगळ्यांना कळतं. तिथे तुमचा हात आखडणार नाही. सत्कार कशाबद्दल हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर तो करू नये, असं माझं अनुभवानंतरचं मत आहे. मग तो कलेक्टरचा असो की कोतवालाचा.

रोटरीवाल्यांकडे चार प्रश्नांची एक कसोटी आहे. शिकागोच्या हर्बर्ट टेलर यांनी १९३२ मध्ये आपल्या बुडत्या कंपनीसाठी ती लिहिली होती, पुढे रोटरीने उचलली. तिचा पहिलाच प्रश्न आहे, हे सत्य आहे का? दुसरा, संबंधित सगळ्यांना न्याय्य आहे का? बऱ्याच क्लबांत बैठकीच्या सुरुवातीला ही कसोटी म्हणतात आणि लगेच चहाकडे वळतात. तुमचा क्लब रोटरीचा असेल, तर समितीच्या बैठकीत त्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे हे दोन प्रश्न विचारा. वाद घालू नका, फक्त विचारा. 'साहेबांचा सत्कार कशाबद्दल लिहू?' दोन पीएसआयपैकी एकाने कदाचित खरंच काही चांगलं केलेलं असेल, ते या निमित्ताने बाहेर येईल. बाकी नावांपुढे 'सहकार्याबद्दल' असा शब्द येईल. तो आला की समजायचं.

हवालदारबाईंचं नाव मात्र तुम्हीच सुचवा, लेखी, घटनेसकट. आपल्याकडे पोलिसांच्या सत्काराला खांद्यावरच्या चांदण्या मोजायची सवय आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे सहायक फौजदार होते, हातात लाठी होती. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचा माणूस. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. शिपाई, हवालदार, सहायक फौजदार या पायऱ्यांवरच लोकांची आणि पोलिसांची खरी गाठ पडते, चांगलीही आणि वाईटही. तुम्हाला ज्यांनी बसवून ठेवलं ते ठाणे अंमलदारही बहुधा याच पायरीवरचे असणार. यादी वाढवायची असेल तर होमगार्ड आणि आसपासच्या गावांचे पोलीस पाटील यांचाही विचार करा. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याखाली नेमलेले हे पाटील अल्प मानधनावर गावातल्या मध्यरात्री निस्तरत असतात, त्यांना शाल क्वचितच मिळते.

गाडीवरच्या शिपायाला विसरू नका. सत्कारात ड्रायव्हर नेहमी राहतो.

कागदपत्रांचं एक सांगते, कारण बऱ्याच क्लबांना हे ठाऊकच नसतं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे सरकारी कर्मचाऱ्याला स्वतःच्या सन्मानार्थ भरवलेल्या सभेला जायला किंवा मानपत्र घ्यायला पूर्वपरवानगी लागते. भेटवस्तूंवरही मर्यादा आहेत. तेव्हा क्लबच्या लेटरहेडवर पोलीस अधीक्षकांच्या नावे पत्र द्या, ठाण्यामार्फत, महिनाभर आधी. कुणाचा, कशाबद्दल, कुठे, कधी, आणि देणार काय, सगळं त्यात लिहा. 'आपल्या ठाण्यातील चार कर्मचाऱ्यांची नावे कळवावीत' असं मोघम लिहिलंत तर ज्येष्ठतेने यादी येईल. नाव आणि घटना तुम्ही लिहा. पाकीट, चांदीचं नाणं, मिक्सर असलं काही देऊ नका. सन्मानपत्र आणि एक चांगलं पुस्तक पुरे. शाल हवीच असेल तर सुती द्या. माझ्या कपाटात अकरा शाली आहेत, सगळ्या चकाकणाऱ्या. एकही पांघरता येत नाही.

आणि सन्मानपत्रात शब्द जपून. 'चोराला गजाआड केले' असं लिहू नका. खटला उभा राहायचा असतो, आरोपी अजून आरोपीच असतो. कुठल्या पीडित बाईचं किंवा मुलाचं नाव नको. गुन्हे प्रकटीकरण पथकातलं कुणी असेल तर फोटो चालेल का हे आधी त्यांनाच विचारा. साध्या वेशात फिरणाऱ्याचा चेहरा तुम्ही फ्लेक्सवर लावलात तर त्याचं काम तुम्हीच बिघडवलंत.

आता माजी अध्यक्षांचं. ते वाईट असतीलच असं नाही. त्यांना एक फोटो हवा आहे, साहेबांना शाल देतानाचा, एवढंच असेल. पण तो फोटो उद्या कुंपणापलीकडच्या माणसाने पाहिला तर त्याला काय वाटेल? सत्कार क्लबचा, आणि त्यात क्लबच्या एका सदस्याची फिर्याद गुंडाळलेली. हे समितीत सगळ्यांसमोर काढू नका, म्हातारपणी कुणाचा असा पाणउतारा बरा नाही. सध्याच्या अध्यक्षांना चहाला गाठा आणि सांगा की ज्याचं काही काम त्या ठाण्यात चालू आहे, तो कुणीही असो, त्याच्या हस्ते सत्कार नको. 'कुणीही' म्हटलं की त्यात तुम्हीही आल्या, कारण मोबाईलचं तुमचंही मिटलेलं नाही. स्वतःला त्या नियमात बसवूनच बोलाल तर ते ऐकतील.

मग शाल कुणाच्या हस्ते? काकांच्या मुलाच्या. त्याला दोन मिनिटं बोलू द्या. रात्री किती वाजता लक्षात आलं, फोन कुणी केला, बाई काय म्हणाल्या. बास.

तारीख मात्र बदलून घ्याच. २१ ऑक्टोबर सुचवणारे भेटतील, तो पोलीस स्मृतिदिन आहे. १९५९ मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्जला चिनी सैनिकांच्या हल्ल्यात दहा पोलीस गेले त्यांचा. त्या दिवशी मानवंदना असते, त्याला क्लबने जावं, पण तिथे बुके आणि अल्पोपहार नको. जानेवारी धरा. २ जानेवारी १९६१ ला पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलीस दलाला ध्वज मिळाला, म्हणून दरवर्षी तो आठवडा पोलीस रेझिंग डे सप्ताह म्हणून पाळतात. ठाण्यात शाळांच्या सहली येतात, शस्त्रं दाखवतात, एरवी ज्या दारातून आत जायला माणूस कचरतो तिथे पोरं बागडत असतात. रोटरीच्या दिनदर्शिकेतही जानेवारी हा व्यवसाय सेवेचा महिना आहे, आपापला पेशा नेकीने करणाऱ्यांचा गौरव त्यातच बसतो. म्हणजे क्लबच्या अहवालालाही सोयीचं.

आणि सभागृह घेऊच नका, असं मी म्हणेन. ठाण्याच्या आवारात सकाळी हजेरी होते. परवानगी मिळाली तर त्या वेळी जा. वीस मिनिटांचं काम. हवालदारबाईंचा सन्मान त्यांच्याबरोबर ड्युटी करणाऱ्या पन्नास जणांसमोर होईल, त्यात तुमचे ते ठाणे अंमलदारही उभे असतील आणि सत्कार कशाबद्दल होतो हे ऐकतील. याहून मोठी तक्रार तुम्हाला स्टेजवरून करता येणार नाही. करूही नका, दुसऱ्याच्या सत्कारात आपलं गाऱ्हाणं म्हणजे हळदीकुंकवात उसनवारीचा हिशेब.

पण गाऱ्हाणं सोडूही नका. सासऱ्यांना सोबत घ्या आणि मोबाईल चोरीला गेल्याचा लेखी अर्ज द्या. गहाळ म्हणजे आपल्या हातून हरवलं, चोरी म्हणजे कुणी तरी नेलं. या दोन शब्दांत ठाण्याच्या गुन्ह्यांच्या आकड्याचा फरक पडतो, म्हणून पहिला शब्द त्यांना प्रिय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ गुन्ह्याची खबर नोंदवण्याबद्दल आहे. नोंदवली की तिची प्रत फुकट मिळायला हवी. ठाण्याने नाकारलं तर तीच हकीकत टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवायची, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. १८ हजारांची चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे, आणि अशा गुन्ह्याची खबर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केलेलं आहे. सीईआयआर या हरवलेले-चोरलेले मोबाईल बंद करायच्या सरकारी पोर्टलवर तो फोन बंद केला नसेल तर आजच करा, त्याला लागणारी पोलिसांकडच्या नोंदीची प्रत तुमच्याकडे आहेच.

हा अर्ज द्यायला जाताना कोटाला क्लबची पिन नको. आणि सत्काराच्या परवानगीचं पत्र त्याच खेपेत नको. दोन वेगळे दिवस, दोन वेगळी कामं. सासऱ्यांना काय सांगू म्हणता, तर हेच सांगा: त्या बाईंचा सत्कार करतेय आणि तुमचा अर्जही देतेय. ज्याने आयुष्य पाहिलंय त्याला हे दोन्ही एकत्र कळतं. उलट तुम्ही सदस्यत्व नाकारून घरी बसलात तर त्यांना बरं वाटेल आठ दिवस, आणि हवालदारबाईंचं नाव सुचवायला तिथे कुणी उरणार नाही.

राहिलं नव्या सदस्यांचं स्वागत. हे मुळात वेगळं करा. दोन्ही एकत्र ठेवले की साहेबांच्या सोयीने पाच नवी माणसं रांगेत उभी, पिन लावली, फोटो, खाली. तुम्ही पाचजण कोण, कशाला आलात, हे पुन्हा कुणालाच कळत नाही. रोटरीची सुरुवात १९०५ मध्ये शिकागोत चार माणसांच्या बैठकीने झाली, एक वकील, एक खाणकामाचा अभियंता, एक कोळशाचा व्यापारी, एक शिंपी. बैठक पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत, त्या फिरतीवरून नाव पडलं रोटरी. म्हणजे स्वागत एकमेकांच्या कामाच्या जागी जाऊन. हे आज सहज करता येईल. एक बैठक तुमच्या लॅबमध्ये होऊ द्या, रक्त तपासायचं यंत्र दाखवा, तुम्हाला क्लबमधून काय करायचंय ते सांगा. सभागृहाचं भाडंही वाचेल.

औक्षणाचं काय करायचं? रोटरीने बायकांना सदस्यत्व दिलं १९८९ मध्ये, लायन्सने १९८७ मध्ये. त्याआधी आपण फक्त सदस्यांच्या बायका म्हणून तबक धरायचो. तुम्ही स्वतः सदस्य म्हणून येताय, वर्गणी पूर्ण भरताय. तबक धरायला हरकत नाही, पण मग नव्या चारही पुरुषांनी पाळीपाळीने धरावं. हसत सांगा. मी सांगितलं होतं एकदा, एका वकिलांनी खरंच धरलं, तेल सांडलं थोडं सतरंजीवर, बाकी छान झालं.

शेवटी एक कामाचं, कारण तुम्ही लॅबवाल्या आहात, लघवीच्या तपासण्या करता, तुम्हाला हे चटकन पटेल. शिकागोच्या त्या पहिल्या रोटरी क्लबने हाती घेतलेलं पहिलं मोठं सार्वजनिक काम, १९०७ च्या सुमारास, सार्वजनिक स्वच्छतागृहाचं होतं. आपल्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीत महिला पोलीस बारा-चौदा तास चौकात उभ्या असतात, आणि जायचं कुठे हा प्रश्न नको म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. तुम्ही अनंत चतुर्दशीच्या आधीचा शनिवार धरलाच होता ना? सत्कार जानेवारीत ढकला, पण ती तारीख सोडू नका. सभागृह, फ्लेक्स, मोमेंटो यांचे पैसे वाचलेत, त्यात नगरपालिकेशी बोलून मिरवणुकीच्या रस्त्यावर दोन फिरती स्वच्छतागृहं उभी करता येतात का ते बघा. नाही जमलं तर रस्त्यावरच्या चार घरांशी, दोन दवाखान्यांशी, तुमच्या लॅबशी बोलून दारावर 'पोलीस भगिनींसाठी खुले' अशी पाटी लावा, आणि त्या जागांची यादी आदल्या दिवशी ठाण्यात हवालदारबाईंच्या हाती द्या. त्यांचं नाव तुम्हाला ठाऊक आहेच. रेनकोट परत मिळाला का तेही विचारून घ्या.